भविष्यकाळाचे नेपथ्य

कामगार चळवळीतील माणसास व्याख्यानमालेत बोलावतात ते बहुधा बोनस, महागाईभत्ता नाही तर कामगार कायदे ह्यांवर बोलण्यासाठी. ह्या वेळी चालकांनी विषय आमच्यावर सोपविला, आणि आम्ही दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांचे नेपथ्य हा विषय कळविला. त्यांनी दोन वेळा फोन करून खात्री करून घेतली. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. तथापि यंत्र, आणि यंत्रापाशी उभा असलेला माणूस, ह्या जोडीकडे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. त्याच डोळ्यांनी ह्या मालिकाही पाहिल्या, आणि जे दिसले ते येथे मांडीत आहोत.

आरंभ एका दरवाजापासून करू. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका दाखवीत असत. आमच्या चाळीत तेव्हा दोन टेलिव्हिजन, दोन्ही कृष्णधवल. १९८२ चा गिरणी संप कोणी मागे घेतला नव्हता आणि संपलाही होता. त्यामुळे मुलांच्या मागे मोठी माणसेही येऊन बसत. तेविसाव्या शतकातले ते अंतराळयान. कप्तान दरवाजाजवळ गेला की फळ्या आपोआप दोन्ही बाजूंस सरकत. आम्हां मुलांना यानाच्या वेगापेक्षा त्या दरवाजाचेच अप्रूप अधिक, कारण आमच्या खोलीचा दरवाजा पावसाळ्यात फुगून बसे आणि खांदा दिल्यावाचून उघडत नसे. आमच्या शेजारी एक साचेवाले काका होते. त्यांनी दोन-तीन रविवार शांतपणे पाहून घेतले आणि मग विचारले, "काय रे, ह्या यंत्राला तेल कोण देतो? एकही तेलवाला दिसत नाही तो?" आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की तो दरवाजा आपोआप मुळीच उघडत नव्हता. भिंतीमागे स्टुडिओतील कामगार उभे असत. इशारा मिळाला की ते दोर ओढून फळ्या सरकवीत. इशारा चुकला तर नटाचे नाक फळीवर आपटे आणि दृश्य पुन्हा घ्यावे लागे. फळ्या सरकल्याचा तो सुंदर आवाज मागाहून भरलेला.

विज्ञानमालिका उद्याचे चित्र दाखविते असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती ज्या साली बनली त्या सालचा कारखाना, त्या सालची कचेरी आणि त्या सालचे बाजारभाव दाखविते. ह्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. लेखक कागदावर 'यान ग्रहावर उतरले' एवढे तीन शब्द लिहून मोकळा होतो. नेपथ्यकारास मात्र खुर्ची लागते, आणि ती कुठल्या तरी दुकानातून आणावी लागते, कुणा सुताराकडून जुळवून घ्यावी लागते, कुणाकडून रंगवून घ्यावी लागते. भविष्यकाळात दुकान नसते. शिवाय यंत्रापाशी माणसे कशी उभी राहतात, हुकूम कोण देतो, चूक झाली तर सगळे कोणाकडे पाहतात, हेही नेपथ्यकार आपल्या भोवतालच्या कामाच्या जागेवरूनच उचलतो. तेव्हा मालिका कोणत्या सालची हे ओळखावयाचे असेल, तर पडद्यावरील आकाशाकडे न पाहता टेबलाकडे पाहावे.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. बीबीसीने 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी ह्यांचा खून झाला होता. ह्या मालिकेच्या नायकाकडे कोणत्याही काळात व कोणत्याही ठिकाणी नेणारे यंत्र आहे, आणि बाहेरून ते दिसते पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे. आपल्याकडे ही वस्तू नव्हती म्हणून सांगतो. लंडनच्या रस्त्यांवर माणूस आत उभा राहील एवढी ही खोकी असत. आत टेलिफोन, नागरिकाने त्यावरून पोलिसांस बोलवावे, शिपायाने ठाण्याशी बोलावे. वरचा दिवा लुकलुकला की फेरीवरच्या शिपायाने समजावे, ठाण्यातून बोलावणे आहे. गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच ह्यांनी १९२९ साली केलेली ती रचना. मालिकेत असे सांगितले की हे यंत्र जेथे जाईल तेथल्या वस्तूचे रूप घेते, परंतु ती कळ बिघडल्यामुळे ते खोक्याच्याच रूपात अडकून पडले. ह्यात मोठी सोय पैशाची होती. दर कथेला नवे यंत्र बांधण्यापेक्षा एक निळे खोके बांधून ठेवणे स्वस्त. पुढे शिपायांच्या खांद्यावर रेडिओ आले आणि रस्त्यांवरची खोकी उचलली गेली. आज इंग्रज मूल ते खोके पाहून पोलिसाची नव्हे, डॉक्टरची आठवण काढते. लंडनच्या पोलिसांनी ह्या आकृतीच्या हक्काबद्दल बीबीसीविरुद्ध हरकत घेतली होती; २००२ साली निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. १९६३ मध्ये ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे अशी रस्त्यावरची एक कामाची वस्तू होती ती.

त्याच वर्षी डिसेंबरात ह्या मालिकेत 'डालेक' आले. अणुयुद्धाने जळलेल्या ग्रहावरचे, धातूच्या कवचात बसलेले, दुसऱ्या वंशाचा समूळ नाश करू पाहणारे हे जीव. लेखक टेरी नेशन ह्यांच्या मनात हिटलरचे नाझी होते, आणि त्यात नवल नाही. युद्ध संपून अवघी १८ वर्षे झाली होती आणि बॉम्बची भीती ताजी होती. पण आम्हांला येथे आकृतीबद्दल बोलावयाचे आहे. ती रेमंड क्यूसिक ह्या बीबीसीच्या पगारी नेपथ्यकाराची. त्यांच्यापुढे प्रश्न असा की राक्षसाच्या सोंगातला माणूस पायांवरून ओळखू येतो. म्हणून त्यांनी पायच काढून टाकले. घागऱ्यासारखे कवच, आत स्टुलावर बसलेला नट, आणि तो आपल्या पायांनी जमीन रेटीत ते कवच पुढे सरकवी. हात म्हणून पुढे बसविला तो मोरी तुंबली की आपण जो रबरी पंप वापरतो तोच. विश्वाचा कर्दनकाळ हाती मोरीचा पंप घेऊन फिरतो, आणि तरीही इंग्लंडातली पोरे सोफ्यामागे लपली!

डालेकची खेळणी पुढे लाखांनी खपली. नेशन ह्यांनी हक्कांत आपला वाटा राखून ठेवला होता. ते श्रीमंत झाले. क्यूसिक नोकरदार असल्यामुळे त्यांच्या हाती बक्षीस म्हणून सुमारे शंभर पौंड आले. आम्ही नेशन ह्यांना दोष देत नाही. त्यांचा करार चांगला होता, एवढेच.

आता अमेरिकेकडे जाऊ, म्हणजे पुन्हा त्या दरवाजाच्या मालिकेकडे. 'स्टार ट्रेक' ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी ह्या वाहिनीवर सुरू झाली. एनबीसीची मालक कंपनी आरसीए रंगीत टेलिव्हिजन बनवून विकत असे, आणि त्याच हंगामात रंगीत कार्यक्रमांचा पूर आला होता. ह्या मालिकेतील भिंतींवर निळे-जांभळे-तांबडे दिवे का, आणि खातेनिहाय सदरे पिवळे, निळे, लाल का, ह्याच्या उत्तराचा मोठा भाग ह्या दुकानदारीत आहे. आमच्या कृष्णधवल पडद्यावर सगळे सदरे सारखेच करडे दिसत. कोण कोणत्या खात्याचा हे कळत नसे, आणि खरे सांगावयाचे तर त्यामुळे ते यान आम्हांला होते त्यापेक्षा अधिक समतेचे वाटले.

यानाची आखणी मॅट जेफरीज ह्यांची. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले. त्यांनी यानाचे अंग बाहेरून गुळगुळीत ठेवले. विचार असा की ज्या भागाची दुरुस्ती करावी लागते तो शहाणा माणूस बाहेर कशाला लावील? आत हात पोचेल अशा जागी ठेवील. हा विचार कोणत्याही फिटरला एकदम पटावा. नियंत्रणकक्ष गोल, मध्यावर कप्तान, भोवती प्रत्येक माणूस आपापल्या पॅनेलपाशी. युद्धनौकेवर व विमानात माणसे जशी आपापल्या जागेला बांधलेली असतात तसेच हे. त्या पॅनेलवरच्या बहुतेक बटणांवर काय लिहिले आहे ते कधीच दिसत नाही. आमच्या एका विद्युतकेंद्रातील मित्राने हे पाहून म्हटले, "बिनचिठ्ठीची बटणे असलेल्या पॅनेलवर मी सही करून चार्ज घेणार नाही."

ह्या नियंत्रणकक्षात कानाला यंत्र लावून एक स्त्री बसते. लेफ्टनंट उहुरा. भूमिका निशेल निकल्स ह्या कृष्णवर्णीय नटीची. अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा. तेव्हा १९६६ मध्ये कृष्णवर्णीय स्त्री यानाची अधिकारी दाखविणे हे धाडसच होते. निकल्स मालिका सोडावयास निघाल्या असता खुद्द मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी त्यांना थांबण्यास सांगितले, असे त्या पुढे सांगत. हे सर्व मान्य. तरी तिचे काम पाहा. ती टेलिफोन जोडून देते! त्या काळी बायकांना सहज मिळणारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली होती, आणि नेपथ्यकाराने तीच नोकरी तीनशे वर्षे पुढे नेऊन ठेवली. मालिकेच्या पहिल्या नमुन्यात उपकप्तान स्त्री होती, आणि ती पँट घालीत असे. वाहिनीने तो नमुना परत केला. पुढे त्याच नटीस, मजेल बॅरेट ह्यांना, नर्सची भूमिका मिळाली, आणि बाकीच्या बायकांना १९६६ च्या फॅशनचे आखूड झगे मिळाले. धाडस आणि सवय एकाच खोलीत अशी शेजारी बसलेली आढळतात.

पैसा तुटपुंजा असल्यामुळे काय काय झाले ते सांगण्याजोगे आहे. यान दर आठवड्यास ग्रहावर उतरविणे परवडेना, म्हणून माणसे एका जागी विरून दुसऱ्या जागी प्रकटतात ही युक्ती निघाली. एका कथेसाठी नव्या घाटाच्या मिठाच्या दाण्या विकत आणल्या. त्या इतक्या अजब दिसू लागल्या की प्रेक्षकास ह्यात मीठ आहे हे कळणार नाही अशी भीती पडली. तेव्हा पडद्यावर साध्या दाण्या वापरल्या आणि आणलेल्या नव्या दाण्या डॉक्टरांच्या हाती शस्त्रक्रियेची उपकरणे म्हणून दिल्या.

हातात धरावयाचे झाकणाचे बोलयंत्र, खांद्यावरचे तपासयंत्र ह्या ज्या वस्तूंनी मालिका ओळखली जाते, त्या वा चँग ह्या चिनी वंशाच्या अमेरिकन कारागिराच्या हातच्या. तरुणपणी पोलिओ झालेला हा विलक्षण कलावंत. पण तो स्टुडिओच्या प्रॉपर्टी कामगारांच्या युनियनचा सभासद नव्हता. युनियनने हरकत घेतली. शेवटी त्याचे काम बाहेरून विकत घेतलेला तयार माल म्हणून दाखवावे लागले, आणि पडद्यावर त्याचे नाव आले नाही. आम्ही आयुष्यभर युनियनचे काम केले, म्हणून हे टाळून पुढे जाणे बरे नव्हे. सभासदांचे काम बाहेर जाऊ नये ही युनियनची भूमिका आम्हांला पूर्ण समजते. त्या दाराशी आम्हीही उभे राहिलो आहोत. परंतु असा माणूस आला असता त्याला फॉर्म भरावयास का दिला नाही, हे आम्हांला समजत नाही.

ह्याच मालिकेतील ८ मार्च १९६८ चा एक भाग आम्ही युनियनच्या अभ्यासवर्गात दाखविला आहे. एम-५ नावाचा संगणक यानावर बसवितात. आता ४३० माणसांऐवजी २० पुरतील. कप्तानास आपली नोकरी जाते की काय असे वाटू लागते, आणि दुसरा एक अधिकारी त्याला यंत्रातील निरुपयोगी भागाचे नाव ठेवतो. हा संगणक दिसतो कसा? दिवे लुकलुकणारे मोठे कपाट, कारण १९६८ मध्ये संगणक म्हणजे कपाटच. अमेरिकेत ह्या स्वयंचलनाच्या प्रश्नावर १९६४ साली राष्ट्रीय आयोग नेमला गेला होता. आपल्याकडेही त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध कलकत्त्यात कर्मचारी उभे राहिले. मालिकेत तो संगणक माणसे मारू लागतो आणि शेवटी बंद पडतो. कप्तानाची नोकरी राहते. मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो. तो संगणक चांगला चालला असता तर त्या ४१० माणसांचे काय? अभ्यासवर्गात एका तरुणीने हे विचारले, आणि पुढचा दीड तास आम्हांला बोलावे लागले नाही.

मधली काही वर्षे भराभर ओलांडू. १९७५ च्या 'स्पेस: १९९९' ह्या ब्रिटिश मालिकेतील चंद्रावरची वसाहत पाहिली तर पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, प्लास्टिकचे दिवे आणि पायाशी रुंद होणाऱ्या विजारी. तेथे चंद्रावर साठविलेल्या अणुकचऱ्याचा स्फोट होतो. म्हणजे भीती बॉम्बवरून कचऱ्यावर आली होती. एवढे पुरे.

१९८७ साली 'स्टार ट्रेक'ची दुसरी पिढी आली. नियंत्रणकक्षात शिरताच पायाखाली गालिचा. भिंती बदामी, कठडा लाकडी, खुर्च्या गुबगुबीत, आणि कप्तानाशेजारी मनाचा सल्ला देणारी अधिकारी. ही युद्धनौका नव्हे. हे १९८७ च्या मोठ्या कंपनीचे मुख्य कार्यालय आहे, जेथे साहेब हुकूम सोडण्याऐवजी बैठक बोलावतो. पॅनेलवरची बटणे गेली. मायकेल ओकुडा ह्यांनी काळ्या काचेसारख्या सपाट पट्ट्या केल्या; रंगीत आकृती छापलेली फिल्म आणि मागे दिवा. नट नुसती बोटे ठेवतो. पुढे टॅब्लेट व मोबाइल आले तेव्हा ह्या मालिकेने भविष्य ओळखले अशी वाहवा झाली. आम्हांला तीत अतिशयोक्ती वाटते. शेकडो बटणे, दिवे आणि तारा बसविण्यापेक्षा छापील फिल्म लावणे कितीतरी स्वस्त होते, आणि काटकसरीतून एक सुंदर वस्तू जन्मास आली. पुढे खऱ्या कारखानदारांनाही तोच हिशेब परवडला. ह्या यानाच्या इंजिनघरात कोणाच्याही सदऱ्यावर डाग नाही. साचेवाले काका तोवर गावी गेले होते; नाही तर त्यांनी पुन्हा विचारले असते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका मालिकेने दिले, पण त्यास २००७ साल उजाडावे लागले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या अमेरिकेसाठी, २००३ च्या अखेरीस 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही जुनी मालिका नव्याने बनविली. माणसांनीच घडविलेली यंत्रे माणसांवर उलटतात आणि संगणकांच्या जाळ्यातून आत शिरतात. वाचते ते एक जुनाट जहाज. ते भंगारात निघून संग्रहालय होणार होते आणि त्याचे संगणक एकमेकांस जोडलेले नव्हते. म्हणून नेपथ्यकार रिचर्ड हुडोलिन ह्यांच्या ह्या जहाजावर वळ्यांच्या तारेचे टेलिफोन आहेत, जाड लोखंडी दारे आहेत, आणि ढीगभर कागद आहेत. त्या कागदांचे कोपरे कापलेले असतात. दुसऱ्या जगातले कागद वेगळे दिसावेत म्हणून. तो प्रत्येक कागद कोणीतरी कापत बसले असेल! भीती अशी की जोडलेले सर्व काही फुटते. आणि ती भीती त्या वर्षांची होती, हे विमानतळावर बूट काढून रांगेत उभे राहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

ह्या मालिकेतील २५ फेब्रुवारी २००७ चा भाग इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजावर घडतो. अखेर तेलवाला दिसतो! काजळी, पट्टे, जुनी यंत्रे, आणि कामावर लहान मुलेही. ज्याचा बाप ह्या जहाजावर, तो मुलगाही ह्याच जहाजावर. जन्मावरून काम ठरते, आणि ही गोष्ट तुम्हां-आम्हांस नव्याने समजावून द्यावी लागत नाही. दुरुस्तीखात्याचा मुख्य माणूस कामगारांच्या बाजूने संप पुकारतो. लष्करप्रमुख त्याच्या बायकोस गोळी घालण्याची धमकी देऊन संप मोडतो, आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्षा त्याच्याशी बोलणी करून कामे फिरती करण्याचे मान्य करते. वाटाघाटीचा हा क्रम आम्हांला पसंत नाही, पण ओळखीचा आहे. योगायोग असा की त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप सुरू झाला, तो १०० दिवस चालला, आणि ह्या मालिकेचे कामही मध्येच थांबले.

आजच्या मालिकांत भिंतही उरलेली नाही. २०१९ च्या 'द मँडलोरियन'मध्ये नटांभोवती सुमारे २० फूट उंच प्रकाशाच्या पडद्यांचे वर्तुळ उभारून त्यावर वाळवंट, बर्फ, आकाश दाखविले. माणसे दिवसभर पडद्यासमोर बसतात त्या काळाचे नेपथ्यही पडद्याचेच झाले. आणि हे काम आता एका स्टुडिओच्या आवारात राहिलेले नाही. परदेशी चित्रपट-मालिकांची दृश्ये मुंबई, बंगळूर, चेन्नई येथे हजारो तरुण संगणकावर पुरी करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ह्या धंद्यातील एक मोठा परदेशी उद्योगसमूह कोसळला, तेव्हा मुंबई आणि बंगळूरच्या मुलामुलींची नोकरी एकाएकी गेली.

त्या सुमारास अशाच धंद्यातला एक मुलगा आमच्या कचेरीत आला होता. दुसऱ्याच एका कंपनीतला. पगार तीन महिने थकलेला. वय २६, राहणार भांडुप. आम्ही सवयीप्रमाणे विचारले, काम काय करतोस? तो म्हणाला, "पेंटमध्ये आहे." आम्हांला वाटले रंगारी. मग त्याने फोनवर एक तुकडा दाखविला. अंतराळवीर हवेत तरंगतो आहे. नट प्रत्यक्षात दोरांनी टांगलेला असतो. ते दोर चित्रातून पुसणे हे ह्याचे काम. सेकंदास २४ चित्रे. पाच सेकंदांच्या तुकड्यास १२०. प्रत्येक चित्रातला दोर पुसावयाचा आणि त्यामागची भिंत पुन्हा रंगवावयाची. रात्रपाळी, कारण पलीकडे तेव्हा दिवस असतो.

आम्ही तो तुकडा तीन वेळा पाहिला. दोर कुठे होता ते सापडले नाही. मुलगा खूष झाला. मग आम्ही फॉर्म काढला, आणि हुद्द्याच्या रकान्यात काय लिहावयाचे ह्यावर आमचा बराच वेळ गेला.